आईच्या नव्या फोनमधली आगंतुक ॲप्स

प्रश्न थोडक्यात असा: आईसाठी गावाजवळच्या दुकानातून तेरा हजारांचा अँड्रॉइड फोन घेतला. घरी येऊन बघितलं तर कुणीही न टाकलेली पंचवीस-तीस ॲप्स आधीच ठाण मांडून बसलेली. कुलूप उघडायच्या आधीच स्क्रीनवर बातम्या, क्रिकेट, जाहिराती. काही ॲप्स उडतात, काहींना ‘अनइन्स्टॉल’चं बटणच नाही. ही ॲप्स आईची माहिती बाहेर पाठवतात का? मुळापासून काढता येतील का? त्यासाठी फोन रूट करावा का, म्हणजे कंपनीचं बंधन तोडून फोनचा पूर्ण ताबा घ्यावा का?

उत्तरं उलट्या क्रमानं देतो. रूट करू नका. मुळापासून सगळी निघणार नाहीत. आणि हो, माहिती जाते. पण ज्या ॲप्सवर तुम्ही चिडलाय ती बहुधा त्यातली किरकोळ मंडळी आहेत. खरी कामाची मंडळी तुम्हाला स्क्रीनवर दिसलेलीच नाहीत, कारण त्यांना चिन्हच नसतं.

सांगलीत गेली सतरा वर्षं माझं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे सुरुवात तुमच्या फोनपासून न करता काउंटरपासून करतो. फोन घेतलात तेव्हाचं आठवून बघा. पोरानं खोक्याचं सील फोडलं, तुम्ही यूपीआयचा पिन टाकत होता, आई कव्हरचा रंग बघत होत्या. एका हातानं स्क्रीन गार्डचा फुगा घालवत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो पोरगा स्क्रीनवर दाबत गेला: नेक्स्ट, नेक्स्ट, ॲग्री, अलाऊ, ॲग्री. मग सिम टाकलं, ‘घ्या, झाला चालू.’ त्या मिनिटभरात कंपनीचा गोपनीयता करार, ‘आवडीनुसार जाहिराती’, ‘अनुभव सुधारणा कार्यक्रम’, लॉक स्क्रीनवरचा मजकूर आणि ‘शिफारस केलेली ॲप्स’ अशा पाच-सहा गोष्टींना होकार गेला. होकार तुमच्या आईच्या नावावर, अंगठा आमच्या पोराचा. मीही शेकड्यांनी फोन असेच चालू करून दिलेत. गिऱ्हाईक थांबलेलं असतं, मागे आणखी दोघं उभे असतात, त्या करारातली एक ओळ वाचायला कुणाला वेळ नसतो. गेल्या काही वर्षांपासून मी ते पडदे गिऱ्हाइकाच्या हातात देऊन दाबायला लावतो. निम्मे लोक म्हणतात, ‘तुम्हीच करा हो.’

म्हणून पहिला सल्ला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण देणारा: फोन नवाच आहे, फोटोबिटो फारसे साठलेले नाहीत, तर काय हवं ते बाजूला काढून ठेवा आणि फॅक्टरी रिसेट मारा, म्हणजे फोन पुसून पुन्हा कोरा करा. मग आईंच्या शेजारी बसून तो पुन्हा पहिल्यापासून चालू करा, पण या वेळी प्रत्येक पडदा वाचून. मोठं निळं बटण ‘सहमत’चं असतं, ‘नंतर’ किंवा ‘वगळा’ हे शब्द कोपऱ्यात राखाडी रंगात, बारीक. कुठे ‘आणखी’ असं लिहिलेलं असेल तर ते उघडा, आधीच टिकमार्क केलेल्या चौकटी त्याच्याआड असतात. ‘आवश्यक ॲप्स’ नावाचा एक पडदा काही फोनमध्ये येतो. त्यातली आवश्यक बहुधा कंपनीसाठी असतात, तुमच्यासाठी नाही. सगळ्या टिका काढा. करार न स्वीकारता फोन पुढेच सरकत नाही तिथे स्वीकारावाच लागतो; पण त्याच्याखालच्या ऐच्छिक चौकटी खरोखर ऐच्छिक असतात. वीस मिनिटं लागतील. नंतर सेटिंगमध्ये शोधत बसण्यात दोन तास जातात.

आता काही ॲप्स उडतात, काही नाही, असं का? फोनची साठवण म्हणजे एकच मोठी खोली नव्हे. एक भाग कंपनीचा, फक्त वाचण्यापुरता. तिथे अँड्रॉइड आणि कंपनीनं भरलेली ॲप्स असतात. दुसरा भाग तुमचा. जे ॲप तुमच्या भागात टाकून दिलेलं असतं, म्हणजे गेम, शॉपिंग, छोट्या व्हिडिओंची ॲप्स, ते सरळ उडतं. जे कंपनीच्या भागात बसलंय ते तुम्ही खोडू शकत नाही. चालू होताना फोन तो भाग जसाच्या तसा आहे ना हे तपासतो, त्यात ढवळाढवळ सापडली तर नीट सुरूच होत नाही. अशा ॲपला ‘डिसेबल’ मिळतं: ते झोपतं, चिन्ह जातं, जागा मात्र अडवूनच ठेवतं. ६४ जीबीचा फोन पहिल्या दिवशीच बराचसा भरलेला दिसतो त्याचं हेही एक कारण. आणि तिसरी जात अशी की तिला डिसेबलचं बटणसुद्धा करडं असतं. ती विशेषाधिकारवाली. बाहेरून टाकलेल्या ॲपला संपर्क, एसएमएस, लोकेशन हवं असेल तर २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून तुमच्यासमोर चौकट उघडून विचारावं लागतं. कंपनीनं आतून बसवलेल्या ॲपला यातल्या कितीतरी परवानग्या कारखान्यातच मिळालेल्या असतात. न विचारता दुसरं ॲप टाकण्याचीसुद्धा. तुम्हाला विचारलंच गेलं नाही, तर ‘नाही’ म्हणायचा प्रश्नच उरत नाही.

हे मी दुकानातल्या अनुभवावरनं फुगवून सांगत नाहीये. माद्रिदच्या आयएमडीईए नेटवर्क्स संस्थेतल्या संशोधकांनी इतर विद्यापीठांच्या साथीनं २०१९ मध्ये आधीपासून बसवलेल्या अँड्रॉइड ॲप्सचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दोनशेहून जास्त कंपन्यांची १,७०० वर उपकरणं, ८२ हजारांहून जास्त ॲप्स. त्यात निघालं ते असं की या ॲप्सच्या पोटात जाहिरात आणि वापर-मोजणी करणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांचे तुकडे बसलेले आहेत, आणि काही फोनमध्ये कंपन्यांनी स्वतःच्या खास परवानग्या तयार करून जोडीदार ॲप्सना मागच्या दारानं आत घेतलंय. ओळखीचं उदाहरण फेसबुकचं. बऱ्याच ब्रँडच्या फोनमध्ये फेसबुकचं ॲप दिसतं, ते तुम्ही उडवता. पण त्याच्यासोबत ‘ॲप इन्स्टॉलर’, ‘ॲप मॅनेजर’ आणि ‘सर्व्हिसेस’ अशी बिनचिन्हाची तीन भावंडं असतात. ती सिस्टिमच्या यादीत शोधून वेगळी डिसेबल करावी लागतात. आईंचं फेसबुक खातंच नसेल तरी ती असतात.

बाहेर नेमकं जातं काय? बहुतेक लोकांना वाटतं की फोन बोलणं ऐकतो आणि मग पंख्याची जाहिरात दाखवतो. त्याची गरजच पडत नाही. फोनमध्ये कोणकोणती ॲप्स आहेत एवढी यादी मिळाली तरी माणूस निम्मा कळतो. समजा एका फोनमध्ये साखर मोजायचं ॲप, सोनं तारण कर्जाचं ॲप, एसटीचं आरक्षण, पंचांग आणि एका ठरावीक बँकेचं ॲप आहे. आता त्या बाईंचं वय, तब्येत, पैशाची अडचण आणि श्रद्धा मला कुणी वेगळी सांगायला हवी का? त्या यादीला जाहिरात-ओळख क्रमांक (जाहिरातवाल्यांना फोन ओळखता यावा म्हणून दिलेला नंबर) आणि ढोबळ ठिकाण जोडलं की झालं.

२०२१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे डग्लस लीथ आणि एडिंबरा विद्यापीठातले दोन संशोधक यांनी सॅमसंग, शाओमी, रिअलमी, हुआवे यांचे फोन तपासले. ऐच्छिक गोष्टी सगळ्या बंद, फोन नुसता पडून. तरीही तो कंपनीला, गूगलला आणि आधीपासून बसवलेल्या ॲप्सच्या मालकांना माहिती पाठवतच होता. शाओमीच्या फोनमधून तर कोणता पडदा कधी उघडला नि किती वेळ बघितला हेही जात होतं. हे फोन युरोपातले होते, त्यामुळे तुमच्या आईंच्या फोनमधून अगदी तेच जातं असं मी म्हणणार नाही. आणि आयफोनवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये: त्याच लीथ यांनी त्याच वर्षी आयफोन आणि गूगलचा पिक्सेल शेजारी ठेवून बघितले, तर दोन्ही सरासरी साडेचार मिनिटांनी आपापल्या घरी खबर देत होते.

कारण विचाराल तर पैसा. शाओमीचे संस्थापक लेई जून यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांवर जाऊ देणार नाही. तेरा हजारांच्या फोनला हे गणित लावलं तर फार तर साडेसहाशे रुपये. मग बाकीची कमाई कुठून? आत बसवलेल्या ॲपमागे मिळणाऱ्या पैशातून, लॉक स्क्रीनच्या जागेतून, कंपनीच्या स्वतःच्या ॲप-बाजारातून. स्वस्त फोन बनवणाऱ्या सगळ्यांचं थोड्याफार फरकानं असंच चालतं. गिऱ्हाइकाला मी सांगतो, हा फोन तेरा हजारांचा नाही, पंधराचा आहे; वरचे दोन आई रोज थोडे थोडे फेडणार. हा दोनचा आकडा माझा अंदाजपंचे आहे, शब्दशः धरू नका.

नुसतं त्रासदायक आणि खरोखर धोक्याचं यात मात्र फरक करायला हवा. २०१६ मध्ये अमेरिकेत क्रिप्टोवायर या मोबाइल सुरक्षेच्या कंपनीतल्या एका संशोधकानं परदेश प्रवासासाठी ब्लू आर१ एचडी नावाचा स्वस्तातला फोन घेतला. चालू करताना त्याला नेटवर चमत्कारिक हालचाल दिसली. खोदत गेल्यावर कळलं की ॲडअप्स नावाच्या कंपनीचं, अपडेट देण्यासाठी बसवलेलं सॉफ्टवेअर एसएमएसचा पूर्ण मजकूर दर ७२ तासांनी शांघायच्या सर्व्हरवर पाठवत होतं. संपर्क आणि कॉलची नोंदही जात होती. २०१९ मध्ये गूगलनं स्वतः सांगितलं की ट्रियाडा हा घातक प्रोग्राम काही फोनमध्ये कारखान्याच्या वाटेवरच शिरला होता: फोन बनवणाऱ्यानं फेस अनलॉकसारखी सोय करून घ्यायला सिस्टिमची प्रत बाहेरच्या कंत्राटदाराला दिली, ती तिथून बाधित होऊन परत आली. असला प्रकार नावाजलेल्या ब्रँडमध्ये सहसा सापडत नाही. तो अनोळखी नावाच्या फोनमध्ये आणि विशेषतः दीड-दोन हजारांच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये असतो. जून २०२५ मध्ये एफबीआयनं बॅडबॉक्स २.० या घातक प्रोग्रामच्या जाळ्याबद्दल जो इशारा दिला तो अशाच उपकरणांबद्दल होता. घरी तसा बॉक्स असेल तर आईंच्या फोनपेक्षा आधी तो बघा. फोनचं तपासायला प्ले स्टोअर उघडा, कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा, सेटिंग, मग ‘अबाउट’. तिथे ‘डिव्हाइस सर्टिफाइड आहे’ असं दिसलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. ॲप्सच्या यादीत आधी डोळ्यांना खुपणारी उडवा, त्याला पाच मिनिटं पुरेत. ‘हॉट ॲप्स’, ‘हॉट गेम्स’ अशा नावाचे फोल्डर असतील तर ते उत्सुकतेपोटी उघडू नका. त्यातली निम्मी चिन्हं फसवी असतात, दाबलं की ॲप उतरायला लागतं. कंपनीचा स्वतःचा ॲप-बाजार, गेम सेंटर, ब्राउझर, थीम्स यांना डिसेबल मिळत असेल तर डिसेबल करा, नाहीतर निदान त्यांच्या नोटिफिकेशन तोडा.

खरं काम आहे ते सेटिंगमधल्या ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ या पानावर. हे पान फारसं कुणी उघडत नाही. नाव ब्रँडनुसार इकडेतिकडे होतं. सेटिंगच्या शोधचौकटीत ‘स्पेशल’ टाईप केलं की सापडतं. त्यात पाच याद्या बघायच्या. ‘युसेज ॲक्सेस’, म्हणजे तुम्ही कोणतं ॲप किती वेळ वापरता हे कोण बघतं. ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’, म्हणजे येणारी प्रत्येक सूचना कोण वाचतं. बँकेचा ओटीपीसुद्धा सूचनेतूनच येतो हे लक्षात घ्या. ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’, म्हणजे दुसऱ्या ॲपच्या वर आपला पडदा कोण टाकू शकतं. ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप्स कोण आणू शकतं. आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’, म्हणजे फोनवर कारभाऱ्याचे अधिकार कोणाकडे आहेत; हे कधी कधी सुरक्षेच्या पानाखाली असतं. या यादीत हवामानाचं, टॉर्चचं किंवा वॉलपेपरचं ॲप दिसलं तर तिथेच स्विच बंद करा. का म्हणून विचार करत बसायची गरज नाही, हवामानाला तुमच्या सूचना वाचून काय करायचंय? ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे दिसायला-ऐकायला अडचण असणाऱ्यांसाठीच्या सोयींचं, पान वेगळं असतं, तेही बघा; तिथला अधिकार मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं. आईंनी स्वतः मुद्दाम चालू केलेलं सोडलं तर तिथे काहीही चालू दिसता कामा नये.

मागच्या दिवाळीत एक शिक्षिका फोन घेऊन आल्या. तक्रार एवढीच की बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. बॅटरी ठणठणीत होती. ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ची यादी उघडली तर फोन साफ करणाऱ्या ॲपला ती परवानगी होती, आणि त्यानं महिन्याभरात चार ॲप्स आणून ठेवली होती. बाईंना वाटत होतं, नातवानं टाकली असतील. नातू बिचारा सहा वर्षांचा, त्याला उगाच ओरडा बसला होता.

यापुढची कामं भराभर सांगतो. सेटिंग, प्रायव्हसी, ॲड्स या पानावर जाहिरात-ओळख क्रमांक खोडायची सोय आहे, तो खोडा. जाहिराती थांबत नाहीत, पण वेगवेगळ्या ॲप्सनी गोळा केलेली माहिती एका धाग्यात ओवणं अवघड होतं. ‘अनुभव सुधारणा’, ‘युसेज अँड डायग्नोस्टिक्स’, ‘पर्सनलाइज्ड’, ‘रेकमेंडेशन’ हे शब्द सेटिंगच्या शोधचौकटीत एकेक करून टाका आणि जे सापडेल ते बंद करा. शाओमी, रेडमी, पोकोच्या फोनमध्ये ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’ या पानावर एमएसए नावाची जाहिरात पुरवणारी सेवा असते. ती बंद करायला गेलं की दहापासून उलटी मोजणी लागते, आणि मोजणी संपल्यावर बरेचदा ‘जमलं नाही’ असा संदेश येतो. हिरमुसू नका, नेट चालू ठेवून तीन-चारदा तेच करा, जातं. बंद करायची गोष्ट मुद्दाम चिवट करून ठेवायची, यालाही डिझाइनच म्हणतात.

रिअलमीच्या फोनमधली ‘एन्हान्स्ड इंटेलिजंट सर्व्हिसेस’ २०२३ च्या जूनमध्ये गाजली होती. कॅलेंडर, न घेतलेले कॉल, एसएमएस वाचायची मुभा देणारा स्विच आधीपासून चालू, आणि तोही ‘सिस्टिम सर्व्हिसेस’च्या पोटात दडलेला. कंपनीनं सांगितलं की ही माहिती फोनमध्येच राहते. तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी तपासून घेऊ असं म्हटलं. माहिती कुठे राहते हा वाद बाजूला ठेवला तरी स्विच आधीच चालू का, या प्रश्नाचं समाधान मला अजून मिळालेलं नाही. ब्रँड कुठलाही असो, असा स्विच दिसला की बंद करा.

कीबोर्ड. आई ज्यावर मराठी टाईप करतात, किंवा माइक दाबून बोलतात, तो कोणाचा आहे ते बघा. बाकी सगळी ॲप्स तुकड्यातुकड्यानं माहिती मिळवतात, कीबोर्डसमोर सगळं ताट वाढलेलं असतं. अनोळखी, इमोजीचा भडिमार करणारा कीबोर्ड असेल तर काढा; गूगलचा ठेवलात तर त्याच्या सेटिंगमध्ये वापराची माहिती पाठवायचे स्विच आहेत, ते बंद करा.

ज्या ॲप्सना डिसेबलही नाही त्यांच्यासाठी संगणकाला केबल जोडून एडीबीचा, म्हणजे संगणकावरून फोनला हुकूम देणाऱ्या साधनाचा, मार्ग आहे. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सातदा दाबलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, यूएसबी डीबगिंग चालू केलं की संगणकावरून हुकूम देता येतो: अमुक पॅकेज (म्हणजे ॲपच) या वापरकर्त्यापुरतं काढ. रूट लागत नाही. पॅकेजची मूळ प्रत कंपनीच्या भागात तशीच राहते, तुमच्यापुरतं ते नाहीसं होतं. फॅक्टरी रिसेट केलं की सगळी वरात परत. युनिव्हर्सल अँड्रॉइड डिब्लोटर नावाचं मोफत साधन या कामात मदत करतं, त्यात कोणतं काढायला हरकत नाही आणि कोणत्याला हात लावायचा नाही याच्या पायऱ्या लावलेल्या आहेत. पहिल्या पायरीवरच थांबा. मी एकदा हुशारी केली होती. एका गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ‘हरवलेला फोन शोधा’ची सेवा बिनकामाची समजून काढून टाकली. फोन बंद करून चालू केला तर लोगोवर अडकला, पुन्हा चालू, पुन्हा लोगो. शेवटी सगळा डेटा पुसूनच तो उठला. त्यात लेकीच्या साखरपुड्याचे फोटो होते. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मी आधी बॅकअप घेतो, आणि एका बैठकीत चार-पाच पॅकेजेसच्या वर जात नाही. फोन बंद-चालू करून बघितल्याशिवाय पुढचं नाही. काम झालं की डीबगिंग आणि डेव्हलपरचे पर्याय दोन्ही बंद करा. ते चालू दिसले तर काही बँकांची ॲप्स उघडायलाच नकार देतात.

रूट नको म्हटलं तेही याच अंगानं. रूटसाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा प्रोग्राम, त्याचं कुलूप उघडावं लागतं; ते उघडलं की फोन पुसला जातो, वॉरंटीचं त्रांगडं होतं, आणि पैशांची बरीच ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत. त्यापेक्षा मोठी गोष्ट, रूट म्हणजे घराची मास्टर किल्ली. तुम्ही ती नीट सांभाळाल. आईंच्या फोनवर ती नको.

हप्त्यावर फोन घेतला असेल तर एक वेगळं पाहुणं असतं: फायनान्स कंपनीचं कुलूप ॲप. ते दुकानात फोन चालू करतानाच बसवतात, हप्ता चुकला की फोन अडवतं. सेटिंगमध्ये किंवा लॉक स्क्रीनवर ‘हे डिव्हाइस तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित आहे’ अशी ओळ दिसली तर समजायचं, फोनचा मालक सध्या दुसरा आहे. ते एडीबीनं काढायच्या फंदात पडू नका, फोन अडकून बसू शकतो. हप्ते फिटले की एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घेताना ते ॲप काउंटरवरच, डोळ्यांदेखत काढून घ्या. एनओसीचा कागद घेऊन लोक घरी जातात आणि कुलूप वर्षभर आत तसंच राहिलेलं मी दोनदा बघितलंय.

कायद्याचं विचाराल, तर हालचाल आहे, वेग बैलगाडीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवं तर बाकीच्या ॲप्सचं गाठोडंही घ्या, ही फोन कंपन्यांवरची सक्ती त्यात मुख्य होती. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं भारतात ॲप्स सुटी सुटी घ्यायची मुभा जाहीर केली. पण आयोगाचा आणखी एक निर्देश होता, आधीपासून बसवलेली गूगलची ॲप्स ग्राहकाला काढता आली पाहिजेत. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला आणि नेमका हा निर्देश रद्द केला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस तर दूरसंचार विभागानंच फोन कंपन्यांना ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये घालायला सांगितलं. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप उपयोगाचं आहे, चोरीचा फोन अडवायला मीच गिऱ्हाइकांना ते टाकायला सांगतो; पण सांगून टाकायला लावणं वेगळं आणि कारखान्यातून घालून पाठवणं वेगळं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यात लिहिलंय की संमती मोकळेपणानं, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि संमती मागणारा मजकूर आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय हवी. काउंटरवरच्या पोराचा अंगठा यात कुठे बसतो हे एखाद्या वकिलानं मला समजावून सांगावं.

लॉक स्क्रीनवरच्या बातम्यांचं तेवढं राहिलं. सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनच्या पानावर ‘ग्लान्स’ किंवा ‘लॉक स्क्रीन मॅगझिन’ असं काहीतरी नाव सापडेल, ते बंद होतं. मात्र बंद करण्याआधी आईंना विचारा. आमच्या शेजारच्या काकूंचं मी त्यांना न विचारता बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुकानात हजर: ‘रोज सकाळी नवा डोंगर यायचा रे, तो कुठे गेला?’ त्यांना ते डोंगर आवडायचे. मग त्यांच्याच गॅलरीतले पंधरा-वीस फोटो फिरते लावून दिले. त्यात एक डोंगर आहे, जोतिबाचा.

आणि मोठं सिस्टिम अपडेट आलं की हे सगळं पुन्हा एकदा तपासा. बंद केलेले दोन-तीन स्विच अपडेटनंतर चालू झालेले हमखास सापडतात, आणि एखादं नवं चिन्हही. या वेळी ‘नेक्स्ट’ आईंनाच दाबू द्या, फक्त शेजारी बसा.